पहिला अंगठा अव्वाचा

आमच्या गल्लीत कुठलाही अर्ज लिहिला की मजकुराखालची पहिली जागा मोकळी सोडायची पद्धत होती. ती अव्वाच्या अंगठ्याची जागा. नळाची वेळ बदलून मागायची असो, मांडवाची परवानगी असो, शाळेत बाई वेळेवर येत नाहीत अशी तक्रार असो, आधी अव्वाचा अंगठा आणि मग बाकीच्यांच्या सह्या. ती गल्लीत सगळ्यांत म्हातारी होती. तिच्या अंगठ्यानं सुरू झालेला कागद वाया जात नाही, असं बायका म्हणायच्या. वाया गेलेले कागदही होते, पण ते कोणी लक्षात ठेवत नसे.

अव्वाचा अंगठा लगेच ओळखू यायचा. त्याला रेषा नव्हत्या. जन्मभर विड्या वळून, पानाची कड दाबून दाबून तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कागदावर टेकवला की नुसता निळा डाग उठायचा, बोराएवढा. एकदा म्युन्सिपाल्टीतल्या कारकुनानं विचारलं होतं, "हा अंगठा आहे का शाई सांडलीय?" तेव्हापासून त्या डागाशेजारी 'डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी' असं लिहायचं काम माझ्याकडं आलं.

लिहायची कामं माझ्याकडंच यायची, कारण गल्लीतली कॉलेजात जाणारी मी एकटी होते. आमच्या घरात तर माझ्याआधी चौथीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. वडील मागावर, अम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अव्वाशी जे तोंडात येईल ते. मला सगळे 'कॉलेज' म्हणायचे. "कॉलेज आलं बघा, वाट सोडा," असं म्हणून बायका नळावर खरंच वाट सोडायच्या आणि मग हसायच्या. आमच्या शेजारची काकू तर रोज विचारायची, "कॉलेजात शिकलं की विडी बारीक वळता येती का ग?" मी हसून पुढं जायची. पण कधीतरी माझ्या शिकण्याचा या लोकांना उपयोग व्हावा आणि त्यांनी तो कबूल करावा, एवढी एक इच्छा मनात घर करून बसली होती. पुढचं सगळं त्या इच्छेमुळं झालं, असं मला वाटतं. निदान माझ्या वाट्याचं तरी.

आमच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. सकाळी सुरू झाले की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं अभ्यास काय होणार? मी अव्वाकडं जाऊन वाचायची. गल्लीच्या तोंडाशी रंगखान्याच्या भिंतीला लागून गटार होतं. रंगखान्यात सूत ज्या रंगात बुडवलं असेल त्या रंगाचं पाणी त्यातून जायचं, एक दिवस लाल, एक दिवस मोरपंखी. त्या गटारावर तीन शहाबादी फरशा आडव्या टाकून, वर दोन पत्रे आणि बाजूला गोणपाट लावून अव्वाचं घर केलं होतं. अव्वा मूळची मैंदर्गीची. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर घरमालकानं खोली रिकामी करून घेतली, तेव्हा गल्लीतल्या माणसांनी मिळून ही जागा करून दिली होती. तीनपैकी एक फरशी माझ्या वडिलांनी खांद्यावरून आणली होती. हे मला अव्वानंच सांगितलं होतं. दर दोन-चार महिन्यांनी सांगायची.

मी गेले की ती विड्यांचं सूप जरा बाजूला सरकवायची आणि कानडीत म्हणायची, "बा, कुंद्रु." ये, बस. आधी मी तिच्या थोड्या विड्यांची तोंडं दुमडून द्यायची, कारण तिच्या बोटांना आता तेवढं बारीक काम जमत नव्हतं. मग पुस्तक उघडायची. मी मोठ्यानं वाचावं असं तिला वाटायचं. इतिहास असो, अर्थशास्त्र असो, ती मान हलवत ऐकायची. आवाज जरा पडला की लगेच म्हणायची, "का ग, गिळतीस का शब्द?" तिचे कान फार तिखट होते. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

त्या वर्षी म्युन्सिपाल्टीच्या निवडणुका लागल्या आणि आमच्या वॉर्डातून अण्णा उभे राहिले. अण्णांचं कोपऱ्यावर सायकलीचं दुकान होतं. तासावर सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे. माणूस कामाचा होता, हे नाकारून चालणार नाही. गल्लीच्या नळाची तोटी तुटली तेव्हा ते म्युन्सिपाल्टीच्या दारात तीन दिवस जाऊन उभे राहिले आणि तोटी घेऊनच आले. एका विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळत नव्हता, तो त्यांनी आणून दिला. भाषण त्यांना येत नसे. "गल्लीचं काम गल्लीतल्या माणसानं करावं, बाकी मला कळत न्हाय," एवढंच बोलायचे आणि खाली बसायचे. निशाणी मिळाली शिडी. लोक म्हणाले, "अण्णा, चढा आता, आमी खालनं धरतो." कोणीतरी लगेच म्हणालं, "धरतो म्हंजे काय, हलवतो."

एक दिवस त्यांनी मला दुकानात बोलावलं. हात ऑइलनं काळे होते, ते फडक्याला पुसत म्हणाले, "कॉलेज, मला लिवनारं मानूस पायजे. वॉर्डातली सगळी गाऱ्हाणी लिवून काढायची आन् हापिसात द्यायची. करशील?"

मी करीन म्हटलं. काकू पाणी घेऊन चालली होती. ती थांबून बघत होती, हे मला दिसत होतं.

आठ-दहा दिवस मी अण्णांबरोबर घरोघर फिरले. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं, गटार. ते अव्वाच्या फरशांखाली तुंबायचं आणि रंगाचं पाणी मागं येऊन घरांच्या उंबऱ्याला लागायचं. सुताची लडी दारात ठेवली तर खराब व्हायची. पोरं आजारी पडायची. वासाचं तर सांगायलाच नको. अण्णा म्हणाले, "हे गटार मतदानाच्या आधी वाहतं केलं तर निवडून आलो. न्हाय केलं तर आपलं पंक्चर हाय आन् मी हाय."

मी पहिला अर्ज लिहिला तो साधा होता. गटार तुंबलं आहे, ते साफ करून मिळावं. अण्णा तो घेऊन सायकलवरून गेले आणि तासाभरात परत आले.

"कारकून म्हनतो, तुंबलंय तर समद्या गावात तुंबलंय. का तुंबलंय ते लिवा, मग गँग येती."

का तुंबलं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. विडीचं पान मापानं कापल्यावर जे कातरण उरतं ते वाळलेलं असलं तर चुलीत जातं, पण ओलं असलं तर पेटत नाही. मग ते गटारात. मागाखाली सांडलेला सुताचा गुंता, तोही गटारात. चाळीस घरांचं कातरण आणि गुंता एकमेकांत अडकून फरशांखाली बसायचं. मी तसं लिहिलं. मला आवडलंही ते, कारण खरं होतं. अम्मा आणि अण्णा, दोघांना मी दुकानाच्या पायरीवर वाचून दाखवलं.

अम्मानं विचारलं, "म्हंजे आमी तुंबवलं?"

"सगळ्यांनीच."

"सगळ्यात आपन आलोच की. उद्या मुकादम हातात कातरन घिऊन दारात हुबा ऱ्हाईल, तवा तू कॉलेजात असशील."

अण्णा हसले. म्हणाले, "चाळीस घरं हायत. ह्याच्यावर अंगठा कोन देनार? आन् अंगठा न देनारा मत कशाला देईल?"

"मग कारण काय लिहू?" मी विचारलं.

अण्णांनी नुसतं गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "तू शिकलेली हाईस," ते म्हणाले, "तूच बघ."

कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की अण्णांनीच मला ते लिहायला लावलं. तसं झालं नव्हतं. त्यांनी फक्त तिकडं पाहिलं होतं. वाक्य मी केलं. वर्तमानपत्रात म्युन्सिपाल्टीच्या जाहिराती येतात, त्या मी भाषा सुधारावी म्हणून वाचायची. त्यातलंच वळण घेऊन लिहिलं: 'सदर गटारावर फरशा टाकून करण्यात आलेल्या अनधिकृत अतिक्रमणामुळे साफसफाईस अडथळा निर्माण होत असून, ते तात्काळ दूर करण्यात यावे.' लिहून झाल्यावर मी ते दोन-तीनदा वाचलं. एका वाक्यात किती शब्द बसले होते, आणि एकही चुकला नव्हता. त्यात अव्वाचं नाव कुठं नव्हतं. फरशा उचलतील, गाळ काढतील आणि परत टाकतील, असं मला तेव्हा वाटलं होतं, असं मी पुढं लोकांना सांगितलं. पण 'दूर करण्यात यावे' म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, असं म्हणायला मला लाज वाटते. मराठीत मला कॉलेजात चांगले मार्क होते.

रविवारी दुकानापुढं लोक जमले. अण्णा म्हणाले, "वाच." मी सगळं वाचलं. त्या वाक्यापाशी आल्यावर कोणीतरी हं केलं, कोणी दुसरीकडं पाहिलं. विरोध कोणीच केला नाही. माझे वडीलही तिथं होते. ते खाली बघून नखातली सुताची कांजी काढत होते. काकू म्हणाली, "काय लिवलंय पोरीनं! हापिसातल्या सायबाला बी उठून हुबं ऱ्हावं वाटंल." इतक्या वर्षांत ती माझ्याबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलली होती. लोक अंगठ्यासाठी पुढं आले, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "थांबा की. पयला अंगठा अव्वाचा."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग अण्णा म्हणाले, "बराबर हाय. कॉलेज, जा, घिऊन ये."

अव्वाला सकाळी विड्या कारखान्यात द्यायच्या होत्या म्हणून ती घरीच वळत बसली होती. मी कागद आणि शाईचं पॅड घेऊन गेले. तिनं सूप सरकवलं. "बा, कुंद्रु. काय आनलंस?"

"गटाराचा अर्ज आहे, अव्वा."

"बरं झालं. सगळ्यांपरीस वास मलाच. वाच की."

मी वाचायला लागले. मे. आयुक्तसाहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करतो की. ती मान हलवत होती. ते वाक्य आलं. माझी नजर त्याच्यावरून गेली आणि पुढच्या ओळीवर जाऊन थांबली. मी पुढची ओळ वाचली. आवाज तसाच ठेवला, गिळला नाही. दोन ओळींच्या मध्ये थांबलेसुद्धा नाही. मला तेव्हा स्वतःचंच आश्चर्य वाटलं, इतकं ते सहज झालं.

"लई चांगलं," अव्वा म्हणाली. "सरकारी वाटतंय." तिनं अंगठ्याला लागलेली कपाळाची विभूती पदराला पुसली, अंगठा पॅडवर दाबला आणि मी दाखवलेल्या जागेवर टेकवला. डाग नेहमीसारखा उठला. त्याच्या शेजारी मी नेहमीसारखं लिहिलं. मग बाकीच्या सगळ्यांनी त्याच्याखाली अंगठे दिले.

या वेळी म्युन्सिपाल्टी लगेच हलली. मतदानाला पंधरा दिवस असताना सकाळी गाडी आली. चार माणसं, पहारी, टिकाव, फावडी आणि मुकादम. गल्ली बाहेर आली. कोणीतरी त्यांना चहा आणला. अव्वाला कोण आनंद झाला! ती स्वतः पुढं झाली, आपली पत्र्याची पेटी ओढून बाजूला केली आणि मुकादमाला म्हणाली, "हितनं काढा, साहेब. हितं लई साठलंय. त्या कोपऱ्याला पहार घाला."

"तुमी सरका, आजी," मुकादम म्हणाला.

त्यांनी गोणपाट काढलं, पत्रे उतरवले आणि गाडीत टाकले. मग फरशा. एक फरशी उचलताना तुटली. माझ्या वडिलांनी आणलेली कुठली होती, मला माहीत नाही. खालून काळा गाळ निघाला आणि त्यात पानांच्या कातरणाचे हातभर गोळे, सुताच्या गुंत्यात गुरफटलेले. मुकादमानं फावड्यावर एक गोळा धरून दाखवला. "बायांनो, हितं तर विडीचं रान हाय की समदं!" सगळ्या हसल्या. अम्माही हसली. पाणी एकदम मोकळं झालं आणि खळखळत निघालं. त्या दिवशी पिवळं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "शिडीऽऽ" असं कोणीतरी ओरडलं.

अव्वा भिंतीला टेकून उभी होती. पाणी गेलेलं बघून झाल्यावर तिनं विचारलं, "आता पत्रे कवा घालनार?"

"कसले पत्रे? जप्त झाले ते. अतिक्रमन हाय हे."

"मी हितं ऱ्हाते."

"तुमीच तर अर्ज दिलाय, आजी." मुकादमानं खिशातून कागद काढून उलगडला. "हे बगा. पयलाच अंगठा. ह्यो कुनाचा?"

अव्वाला वाचता येत नव्हतं. पण अंगठा तिनं ओळखला. रेषा नसलेला दुसरा अंगठा त्या कागदावर नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली. "माझा हाय," ती म्हणाली. "ह्यात तसं लिवलंय?"

मुकादमानं ते वाक्य अडखळत वाचलं. 'अनधिकृत' त्याला नीट म्हणता आलं नाही. आमच्या दाराशी मी पुस्तकं हातात घेऊन उभी होते, कॉलेजला निघाले होते. अव्वानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"हे तू वाचलं न्हाईस."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी मला एक शब्द बोलायचा होता. मी तो बोलायला तोंडही उघडलं असेल. पण तेवढ्यात काकू म्हणाली, "असं कसं न वाचंल? आमाला समद्यास्नी वाचून दाखिवलं की तिनं. तुलाच ऐकू कमी येतं, अव्वा, आता वय झालं."

"व्हय, ऐकू कमी येतं तिला," दुसरी म्हणाली. "परवा मी हाक मारली तर बघितलं बी न्हाय."

"मला येतं ऐकू," अव्वा म्हणाली.

"बघा, कसं म्हंती!" आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

मी तोंड मिटलं आणि कॉलेजला गेले. पहिला तास बुडाला नाही.

त्यानंतर गल्लीत अव्वा बहिरी ठरली. दोन दिवस ती अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर पेटीला टेकून बसायची आणि येणारा-जाणारा तिच्या कानाशी जाऊन ओरडायचा. "जेवलीऽस काऽ?" पोरांना तर खेळच मिळाला. तिला ठेवून कोण घेणार, याचं बोलणं घराघरात झालं. अम्मा म्हणाली, "आपल्याकडं जागा कुटं हाय, दोन माग हायत," आणि ते खरं होतं. प्रत्येक घराचं कारण खरं होतं. शेवटी तेही काम अण्णांनीच केलं. तिची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि तिला स्टँडवर नेऊन मैंदर्गीच्या एस.टी.त बसवून दिलं. तिथं तिचा भाचा होता. "निवडून आलो की पयलं काम तुजं. जागा देतो," असं त्यांनी गाडीच्या खिडकीशी ओरडून सांगितलं म्हणे. लोक म्हणाले, बघा, म्हातारीचासुद्धा प्रश्न सोडवला माणसानं.

मोकळ्या झालेल्या जागेत अण्णांच्या प्रचाराचं टेबल लागलं. मी तिथं बसून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायची. माझ्याबद्दल आता कोणी थट्टेनं बोलत नव्हतं. शेजारच्या गल्लीतूनही लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. काकू तिच्या मुलीला घेऊन आली आणि म्हणाली, "हिला बी तुज्यासारकं शिकवायचं हाय."

अण्णा निवडून आले, चांगल्या मतांनी. गटार दिवाळीपर्यंत वाहिलं, मग पुन्हा तुंबलं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी जे सांगायचं आहे ते मतदानाच्या दिवसाचं आहे.

मतदानाला तेव्हा लागायची ती एकवीस वर्षं मला पुरी झाली होती. मधे दोन वर्षं घरी बसवल्यामुळं मी वर्गात सगळ्यांत थोरली होते. बायकांच्या बूथवर बायकांना ओळखणारं कोणी हवं म्हणून अण्णांनी मला एजंट केलं. शाळेच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर मी यादी घेऊन बसले होते. दुपारी रांगेत अव्वा दिसली. अण्णांनी मैंदर्गीला माणूस पाठवून तिला आणलं होतं. यादीत नाव होतं, मग मत वाया का घालवायचं? ती वाळली होती. हातात कापडी पिशवी होती. येताना ती प्रचाराच्या टेबलाशेजारून, म्हणजे तिच्या जागेवरूनच आली असणार. दुसरी वाट नाही.

पहिल्या साहेबांनी नाव पुकारलं. मी "ओळखते" म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितल्यासारखं केलं. दुसऱ्यानं बोटाला शाई लावली. तिसऱ्यापुढं मतपत्रिकांचं पुस्तक होतं. मतपत्रिका फाडून देण्याआधी पुस्तकात उरणाऱ्या तुकड्यावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा होता.

"अंगठा द्या, आजी."

अव्वानं मूठ मिटली. "कशावर?"

"हितं, ह्या तुकड्यावर."

"काय लिवलंय?"

रांगेतून काकूचा आवाज आला, "साहेब, मोठ्यानं बोला, ऐकू कमी येतं तिला!"

साहेब ओरडले, "अंगठाऽ! हितंऽ!"

"आदी वाचा," अव्वा म्हणाली.

"अहो, नंबर आहे नुसता. काय वाचायचं त्यात?"

"नंबर तर नंबर. वाचा."

साहेब वैतागले. आम्हा एजंटांकडं वळून म्हणाले, "तुम्ही ओळखता ना यांना? समजावा जरा, रांग खोळंबलीय." मी उठले. त्यांनी पुस्तक माझ्याकडं फिरवलं. मी वाचलं: वॉर्डाचा नंबर, मतपत्रिकेचा नंबर, सहीची जागा. खणखणीत आवाजात वाचलं.

"आनि?" अव्वानं विचारलं.

"एवढंच आहे, अव्वा."

"सगळं वाचलंस?"

"सगळंऽ! सगळं वाचलंऽ!"

"वरडू नगंस," ती म्हणाली. "मला ऐकू येतं. त्या दिवशी बी येत हुतं."

मागून रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चला की ग, भाकरी टाकायची हाय घरी." तो तुकडा माझ्यासमोर होता, त्यावर खरंच दुसरं काहीही नव्हतं, आणि तिला ते पटवायचा माझ्याकडं कुठलाच मार्ग नव्हता. मी तिच्या मुठीकडं बघत होते. ती उघडली नाही.

"साकु," ती म्हणाली. पुरे. आणि मत न देता दुसऱ्या दारानं बाहेर गेली. साहेबांनी यादीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

खिडकीतून मला मैदान दिसत होतं. अण्णा फाटकापाशी उभे होते. त्यांनी अव्वाच्या बोटाची शाई पाहिली, पुढं झाले आणि वाकून दोन्ही हात जोडले. भोवतीच्या पोरांनी घोषणा दिली. अव्वानं त्यांना काहीतरी विचारलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण अण्णा मान हलवून हसत होते. मग त्यांच्या माणसानं तिची पिशवी घेतली आणि तिला स्टँडकडं नेलं.

मतदान संपायच्या जरा आधी अण्णा बूथच्या दाराशी आले. मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "कॉलेज, म्हातारी आली, मला लई बरं वाटलं. तिच्या मनात काय नव्हतं बघ. शिडीवरच शिक्का मारला असंल नव्हं?"

मी हो म्हणाले. त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि पुढच्या बूथवर गेले.